पूर्णेच्या खोऱ्यांतील देवघरें, वाडे आणि पायवाटा

इंग्लंडांतील एखाद्या नदीच्या खोऱ्याचें वर्णन करणारें पुस्तक चाळलें, तर त्यांत तीन गोष्टी हटकून आढळतात. पहिली, नदीकांठचें जुनें दगडी चर्च. दुसरी, त्याच्या आसऱ्यानें वसलेलीं जुनीं घरें. आणि तिसरी, त्या दोहोंना जोडणारी पायवाट. इमारतींविषयींचा अभिमान सर्वच देशांत असतो. परंतु पायवाटेला इमारतीच्या जोडीनें मान देणारे लोक विरळा. १९४९ सालीं तेथील पार्लमेंटनें कायदा केला आणि इंग्लंड व वेल्समधील काउंटींना आपल्या हद्दींतील सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्यास फर्माविलें. ह्या नकाशावर चढलेली वाट एखाद्या शेताच्या मधून जात असली, तरी तिच्यावरून चालण्याचा हक्क कोणाहि वाटसरूला आहे.

श्रोते हो, हें ऐकल्यावर मनांत सहज प्रश्न येतो कीं, आपल्या जालना जिल्ह्यांत असें एखादें खोरें आहे काय? आहे, आणि त्याचा इतिहास कोणत्याहि परदेशी खोऱ्याच्या इतिहासापेक्षां कमी रसाळ नाहीं. त्याची थोडी ओळख करून देण्याचा आज माझा विचार आहे.

हें खोरें म्हणजे पूर्णेचें खोरें. वऱ्हाडांतून वाहत जाऊन तापीला मिळणारी पूर्णा वेगळी, आणि अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून गोदावरीला मिळणारी ही आपली पूर्णा वेगळी. भोकरदनकडील केळणा व जुई ह्या नद्या तिलाच जाऊन मिळतात. जालना शहरांतून वाहणारी कुंडलिका दुधनेला मिळते आणि दुधना पुढें पूर्णेला मिळते. म्हणजे १ मे १९८१ रोजीं जो नवा जालना जिल्हा अस्तित्वांत आला, त्याचा मोठा भाग ह्या एकाच नदीच्या कुटुंबांत मोडतो. ह्या नद्या मोठ्या नाहींत. उन्हाळ्यांत त्यांच्या पात्रांतून पायीं चालत जावें, इतक्या त्या कोरड्या पडतात. परंतु त्यांच्या उतारांनींच माणसांच्या वाटा ठरविल्या आहेत, आणि त्या वाटांनीं गांवें, बाजार, देवळें, मशिदी व चर्चें ह्यांच्या जागा ठरविल्या आहेत.

प्रथम जालना शहराकडे वळूं. कुंडलिकेच्या एका कांठाला जालना व समोरच्या कांठाला कादराबाद, असें हें जोडगांव आहे. जोडगांव वसण्याचें कारण नदीचा उतार हें होय. दख्खनच्या पठारावरून उत्तरेकडे व पूर्वेकडे जाणारे तांडे येथें नदी ओलांडीत. नदीला पूर आला कीं ओसरण्याची वाट पाहत ते कांठावर थांबत. आणि जेथें तांडा थांबतो, तेथें सराई, विहीर, प्रार्थनास्थान आणि दुकान हीं चार आपोआप उभीं राहतात. अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळांत, १५७८ सालीं, जमशेदखान ह्या अधिकाऱ्यानें येथें काळी मशीद बांधली. तिच्या जोडीला त्यानें सराई व हमामखाना बांधला, मोती तलाव खणला, आणि त्या तलावाचें पाणी जमिनीखालच्या नळांनीं शहरांतील हौदांत आणून सोडलें. मशीद, सराई, स्नानगृह आणि पाणी हीं एकाच माणसानें एकाच वेळीं बांधावीं, ह्यावरून त्या काळीं येथून जाणारी वर्दळ किती मोठी असली पाहिजे, हें उघड होतें. इमारत पाहून आपण बांधणाऱ्याचें कौतुक करतों तें योग्यच आहे; परंतु ती ज्यांच्यासाठीं बांधली, ते धुळीनें माखलेले वाटसरूहि डोळ्यांपुढें आणले पाहिजेत.

पुढें १७२५ सालीं निजामुल्मुल्क आसफजाहाच्या हुकमावरून काबिलखानानें येथें किल्ला बांधला. त्याला मस्तगड म्हणतात. कादराबादेकडे मूर्तीवेस आहे, आणि आनंदी स्वामींचें देऊळ आहे. आषाढी एकादशीला ह्या देवळाची यात्रा भरते. ज्यांना पंढरपुरास जाणें जमत नाहीं, अशा आसपासच्या भाविकांचे पाय त्या दिवशीं जालन्याकडे वळतात. किल्ला राजाज्ञेनें उभा राहिला, परंतु यात्रा कोणाच्या हुकमानें भरत नाहीं. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायांच्या संवयीनें भरते. किल्ल्याची लष्करी उपयुक्तता केव्हांच संपली. यात्रेची वाट मात्र अजून चालती आहे.

आतां घरांविषयीं दोन शब्द. आमच्या बाजूचा जुना वाडा म्हणजे पुण्यासातारकडील वाड्याचें अनुकरण नव्हे. पाऊस बेताचा, ऊन कडक, आणि चांगलें लांकूड दुर्मिळ; म्हणून येथें माळवदाचें घर रूढ झालें. भिंती जाड, दगडमातीच्या. त्यांवर लांकडी तुळया, तुळयांवर आडव्या फळ्या किंवा काड्या, आणि त्यांवर चोपून बसविलेला मातीचा जाड थर. उन्हाळ्याच्या रात्रीं सारें कुटुंब ह्या माळवदावर निजावयास जात असे. आंत चौक, चौकाभोंवतीं ओसरी, ओसरीच्या मागें अंधाऱ्या परंतु थंडगार खोल्या. गांवच्या देशमुख-पाटलाची गढी ह्याच पद्धतीची, परंतु उंच टेंकाडावर व पांढऱ्या मातीच्या रुंद तटांत बांधलेली असे. पांढरी म्हणजे गांवठाण आणि काळी म्हणजे शेत, ही जी आपली जुनी विभागणी आहे, ती ह्या मातीवरूनच पडली. ओसाड गढीची पांढरी माती खत म्हणून शेतांत नेण्याचा प्रघात असल्यामुळें कित्येक गढ्या अशा प्रकारें शेतांत विरून गेल्या. मातीचें घर मातीला मिळालें ह्याचें दुःख नाहीं. परंतु त्याचा आराखडा कोणी कागदावर उतरवून ठेवला नाहीं, ह्याचें दुःख आहे.

वाटांचा राजकारणाशीं व युद्धाशीं संबंध किती निकट असतो, ह्याचीं दोन उदाहरणें ह्याच भूमीच्या इतिहासांत आहेत. पहिलें १६७९ सालचें. त्या वर्षाच्या नोव्हेंबर महिन्यांत शिवाजी महाराजांनीं मोंगलांच्या मुलखांतील जालन्याच्या संपन्न पेठेवर स्वारी केली. लूट घेऊन परत फिरतांना संगमनेरजवळ मोंगल सरदार रणमस्तखान आडवा आला. तुंबळ लढाई झाली आणि सिधोजी निंबाळकर हा शूर सरदार पडला. मागून आणखी मोंगल फौज येत होती. अशा बिकट प्रसंगीं बहिर्जी नाईकानें महाराजांना आडवाटांनीं, रात्रंदिवस चालवीत, पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोंचविलें. महाराजांनीं तेथें विसावा घेतला म्हणून त्या किल्ल्याला विश्रामगड हें नांव पडलें. शत्रूपाशीं फौज होती, तोफा होत्या, राजरस्ते होते. बहिर्जीपाशीं पायवाटांचें ज्ञान होतें. त्या दिवशीं स्वराज्याचा धनी त्या ज्ञानामुळें वांचला.

दुसरें उदाहरण १८०३ सालचें, आणि तें आपल्यावर उलटलेलें आहे. त्या वर्षीं इंग्रज व मराठे ह्यांच्यामध्यें दुसरें युद्ध सुरू झालें. सप्टेंबरच्या आरंभीं कर्नल स्टीव्हन्सननें जालन्याचा किल्ला घेतला. २३ सप्टेंबर रोजीं जनरल आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढें वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, केळणेच्या कांठीं येऊन थांबला. पलीकडे केळणा व जुई ह्या दोन नद्यांच्या बेचक्यांत दौलतराव शिंदे व रघूजी भोसले ह्यांच्या फौजा पसरलेल्या होत्या. शिंद्यांची कवायती पायदळें व उत्कृष्ट तोफखाना पोलमान ह्या जर्मन सरदाराच्या हाताखालीं होता. वेलस्लीपाशीं कवायती फौज सुमारें साडेचार हजार. शिवाय म्हैसूरचे व मराठ्यांपैकीं त्याच्या बाजूचे घोडेस्वार. समोरच्या तोफांपुढें नदी ओलांडणें म्हणजे आत्मघात. म्हणून बाजूनें जाऊन कोठें उतार सांपडतो काय, हें तो शोधीत होता.

वाटाड्यांनीं शपथेवर सांगितलें कीं, पुढें उतार नाहीं. वेलस्लीनें दुर्बीण लावून पाहिलें. त्याला खालच्या अंगाला दोन गांवें दिसलीं. एक ह्या तीरावर, दुसरें अगदीं त्याच्या समोर पलीकडच्या तीरावर. इंग्रजी कागदपत्रांत त्यांचीं नांवें पिंपळगांव व वरूड अशीं येतात. त्यानें मनाशीं विचार केला कीं, दोन गांवें नदीच्या दोन्ही कांठांवर इतकीं समोरासमोर वसलीं असतील, तर त्या माणसांचें एकमेकांकडे जाणेंयेणें असलेंच पाहिजे. आणि जाणेंयेणें असेल तर वाट असलीच पाहिजे. त्यानें फौज तिकडे वळविली. उतार निघाला. पुढें असईच्या मातीच्या तटापाशीं जी घनघोर लढाई झाली, तींत इंग्रजांकडील मृत, जखमी व बेपत्ता मिळून १५८४ माणसें कामास आलीं किंवा निकामी झालीं. म्हणजे त्याच्या कवायती फौजेंतील दर तीन माणसांमागें एक. मराठ्यांच्या ९८ तोफा शत्रूच्या हातीं गेल्या. शिंद्यांच्या गोलंदाजांनीं तोफांपाशींच प्राण सोडले, ह्याची साक्ष शत्रूनेंच देऊन ठेविली आहे.

ह्या प्रसंगाकडे आपण बहुधा फितुरी, शौर्य किंवा नशीब ह्या दृष्टीनें पाहतों. मला त्यांत वेगळाच धडा दिसतो. परक्या देशांतून आलेल्या माणसानें दोन खेडीं पाहून त्यांमधली पायवाट ओळखली. आणि ज्यांच्या मुलखांतली ती वाट होती, त्यांच्या सरदारांनीं तिच्यावर पहारा ठेविला नाहीं. पिंपळगांवच्या कोणा बाईला, कोणा गुराख्याला तो उतार पायाखालचा ठाऊक असलाच पाहिजे. परंतु राज्य करणाऱ्यांनीं त्यांना विचारलें नाहीं. ज्या राज्याचा आपल्याच गांवकऱ्यांच्या पायांशीं परिचय राहत नाहीं, त्याच्या तोफा कितीहि चांगल्या असल्या तरी त्या अपुऱ्या पडतात.

ह्या युद्धानंतर जालन्यास इंग्रजांची छावणी पडली. १८१७ सालीं नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांविरुद्ध जी फौज धांवून गेली, ती जनरल डव्हटनच्या हाताखालची फौज जालन्याहूनच निघाली होती. छावणीबरोबर सरळ आंखलेले रस्ते आले, अंगणांतले बंगले आले आणि चर्च आलें. छावणीच्या वस्तींतील ख्राइस्ट चर्च ही त्या काळाची खूण होय. हें देऊळ, म्हणजे हें देवघर, परक्या शिपायांनीं आपल्यासाठीं आणलें होतें. भोंवतालच्या गांवांतून त्याच्याकडे जाणारी वाट नव्हती.

तशी वाट असलेलें चर्च ह्याच खोऱ्यांत दुसरीकडे आहे. जालन्यापासून थोडक्या मैलांवर बेथेल नांवाची वस्ती आहे. बेथेल हा शब्द हिब्रू असून त्याचा अर्थ देवाचें घर. ही वस्ती ज्यांनीं वसविली, ते रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्मानें ब्राह्मण. १८४३ सालीं मुंबईंत त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाहि मिशनऱ्यांकडे गेला होता. कोर्टानें त्याला आईबापांच्या स्वाधीन केलें, आणि त्याला पुन्हां जातींत घ्यावें कीं नाहीं ह्यावरून मुंबईच्या ब्रह्मवृंदांत मोठा वाद माजला. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकर हे त्याला परत घेण्याच्या बाजूनें उभे राहिले होते. थोरला भाऊ नारायण मात्र नव्या धर्मांत राहिला, स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा पाळक झाला, आणि १८६० नंतरच्या दशकांत निजामाच्या राज्यांत जालन्यास आला. हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग ह्यांनीं त्यांना जमीन दिली. त्या जमिनीवर चर्च, शाळा, विहिरी व घरें ह्यांसह बेथेल उभें राहिलें. १८७३ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या जागतिक ख्रिस्ती परिषदेला नारायण शेषाद्री गेले होते, आणि १८९१ सालीं त्यांचें निधन झालें.

बेथेलला आलेलीं बहुतेक कुटुंबें मांग समाजांतील होतीं. ह्या गोष्टीकडे धर्मांतराच्या वादापलीकडे जाऊन पाहिलें पाहिजे. जुन्या गांवांत मांगवाडा गांवकुसाबाहेर असे. त्याची विहीर वेगळी, नदीवरचा त्याचा पाणवठा खालच्या अंगाला, आणि वेशींतून न जातां बाहेरून वळसा घालणारी त्याची वाट वेगळी. जुन्या वाटांचें गुणगान करतांना ही दुखरी बाजू लपवून चालणार नाहीं. पायवाट जशी माणसांना जोडते, तशी ती माणसांतलें अंतरहि जमिनीवर कोरून ठेवते. बेथेलमध्यें एका मुसलमान दिवाणानें दिलेल्या जमिनीवर, एका ब्राह्मण कुळांतील पाळकानें, मांग कुटुंबांसाठीं अशी वस्ती आंखली, कीं जिच्यांत घराच्या दारापासून देवघराच्या दारापर्यंत वळसा न घालतां जातां येत होतें. त्या धर्माविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. परंतु शंभर पावलांच्या त्या सरळ वाटेचें मोल वळसा घालून थकलेल्या पायांनाच कळलें असेल. आणि ती वाट गांवांतच कां मिळाली नाहीं, ह्याचें उत्तर आपण उरलेल्यांनीं द्यावयाचें आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीं ह्या खोऱ्याची चालच बदलली. १९०० च्या सुमारास मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे जालन्यावरून धांवूं लागली. खोऱ्याचें नांव धारण करणारी ही रेल्वे. तिनेंच खोऱ्यांतल्या तांड्यांच्या वाटा ओस पाडल्या. कापूस व धान्य बैलांच्या पाठीवरून उतरून डब्यांत चढलें. १९०३ सालीं हैदराबाद कंटिंजंटची स्वतंत्र फौज मोडली आणि छावणीचा थाटहि ओसरला. पुढें मोटारीचे रस्ते झाले. त्यांनीं लोकांचें कल्याण केलें, ह्यांत शंका नाहीं. आजारी माणसाला तासाभरांत दवाखान्यांत नेणाऱ्या रस्त्याला नांवें ठेवणारा माणूस विचारी म्हणतां येणार नाहीं. परंतु रस्ता मोठा झाला म्हणजे पायवाट निरुपयोगी झाली, असें जें आपण मानूं लागलों, तें बरोबर नाहीं. शेताला जाणारी बाई, शाळेला जाणारें पोर आणि चरावयास निघालेलीं गुरें हीं अजून पायवाटेनेंच जातात. आणि वाट बांधाला बांध लागून नांगरली गेली, कीं पावसाळ्याचे चार महिने तीं घरींच अडकून पडतात.

आपल्याकडे ह्याला कायद्याचा आधार नाहीं, असें नाहीं. प्रत्येक गांवाचा नकाशा तलाठी व भूमि-अभिलेख खात्याकडे असतो. त्यावर गाडीवाट दोन तुटक रेषांनीं आणि पायमार्ग एका तुटक रेषेनें दाखविलेला असतो. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणें सहा महिन्यांच्या आंत तहसीलदाराकडे दाद मागतां येते. शेताला वाटच नसेल, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमाप्रमाणें बांधावरून वाट मागतां येते. म्हणजे इंग्लंडनें १९४९ सालीं जें केलें, त्याचा पाया आपल्या दप्तरांत आधींपासून घातलेला आहे. उणीव आहे ती एवढीच कीं, आपण वाटेकडे दोन शेजाऱ्यांच्या भांडणाचा विषय म्हणून पाहतों. गांवाच्या ठेव्याचा विषय म्हणून पाहत नाहीं.

मी शाळेंत असतांना इतिहासाच्या तासाला मुलांना सनावळ्या पाठ करावयास लावीत असें. तें आवश्यकच होतें. परंतु गांवनकाशाची एक प्रत वर्गांत टांगून, तुटक रेषा बोटानें दाखवून, ही वाट कोठून निघते व कोठें जाते असें विचारलें, कीं मागच्या बांकावरचीं मुलें पुढें येत. कारण सनावळी पुस्तकांतली होती. वाट मात्र त्यांच्या पायांतली होती. त्या वाटेवर पडलेली म्हसोबाची शेंदरी धोंड, मोडकी बारव, पिराचा ओटा, नदीच्या उताराचें जुनें नांव, हें सारें तीं मुलें मास्तरांना सांगत.

म्हणून माझें श्रोत्यांना एवढेंच सांगणें आहे. काळी मशीद, मस्तगड, आनंदी स्वामींचें देऊळ, ख्राइस्ट चर्च किंवा बेथेलचें देवघर पाहावयास जाल, तेव्हां मोटार थोडी दूर उभी करावी आणि उरलेली वाट पायीं चालावी. ती इमारत त्याच जागीं कां उभी राहिली, हें पायांना लौकर कळतें. आपल्या मूळ गांवीं जाल, तेव्हां तलाठ्याकडून गांवनकाशा मागून घ्यावा, घरांतल्या वडीलधाऱ्या माणसांना बरोबर घ्यावें, आणि त्यांतील प्रत्येक तुटक रेषा आज चालती आहे कीं नांगरली गेली, ह्याची नोंद करून ग्रामपंचायतीला द्यावी. मांगवाड्याची व महारवाड्याची वाट त्या नोंदींतून वगळूं नये. उलट तीच प्रथम लिहावी. वडीलधारीं माणसें आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे. त्यांच्यामागें नकाशावर तुटक रेषा उरतील, परंतु त्या वाटेला काय म्हणत आणि तिच्यावरून कोण जात असे, हें सांगणारें कोणी उरणार नाहीं.